एल्त्सचा किल्ला अभ्यासायचा, तर आधी वाटणी समजून घ्या

जर्मनीत मध्ययुगीन इतिहास शिकायला येणाऱ्या आपल्या मुलामुलींना पहिल्या सेमिनार पेपरसाठी मी मोझेल नदीजवळचा एल्त्सचा किल्ला हमखास सुचवते. किल्ला म्हटलं की आपण स्वारी, वेढा, तह शोधायला लागतो. इथे त्यानं फारसं काही हाती लागत नाही. साडेआठशेहून जास्त वर्षं हा किल्ला एकाच घराण्याकडे आहे, आजही खासगी मालकीचा आहे. त्याचा इतिहास म्हणजे मुख्यतः हिश्श्यांचा इतिहास.

११५७ सालच्या, सम्राट फ्रेडरिक बार्बारोसाच्या दानपत्रावर रुडॉल्फ फॉन एल्त्स साक्षीदार आहे. त्याची नोंद घ्या आणि पुढे चला. खरा मुक्काम तेराव्या शतकात. एलियास, विल्हेल्म आणि थिओडोरिख या भावांचं पटेना, आणि १२६८ च्या सुमारास घराण्याच्या तीन शाखा झाल्या: केम्पेनिख, र्‍यूबेनाख, रोडेनडॉर्फ. ज्यांनी गावाकडच्या वाड्याची वाटणी पाहिली आहे त्यांना पुढचं सांगावं लागत नाही. चौक सामाईक, घरं ज्याची त्याची, आणि तंटा होऊ नये म्हणून लेखी करार.

चौकात उभं राहून वर बघा. र्‍यूबेनाखांचं घर १४७२ मध्ये पूर्ण झालं, केम्पेनिखांचं सतराव्या शतकात. एका घराची ठेवण दुसऱ्याशी जुळत नाही, कारण प्रत्येक शाखेनं आपल्या ऐपतीप्रमाणे आणि सवडीनं बांधलं. सगळ्या शाखा एकत्र बसायच्या त्या दिवाणखान्यात तर जरूर रेंगाळा. भिंतीवर विदूषकाचे मुखवटे आहेत: इथे मोकळेपणानं बोला. दारावर गुलाब कोरलाय: इथलं बोलणं बाहेर न्यायचं नाही. भाऊबंदकी सांभाळायची इतकी देखणी सोय मी दुसरीकडे पाहिलेली नाही!

लढाई अगदीच नाही असं नाही. १३३१ ते १३३६ मध्ये ट्रिअरचा आर्चबिशप बाल्डुइन याच्याशी झगडा झाला. त्यानं वेढ्यासाठी समोरच्या चढावर बांधलेल्या ट्रुट्सएल्त्स या छोट्या किल्ल्याचे अवशेष आजही दिसतात. पण सतराव्या शतकाच्या अखेरीस फ्रेंच फौजांनी आसपासचे किल्ले उद्ध्वस्त केले तेव्हा एल्त्स वाचला तो नात्यामुळे, घराण्यातला एक जण फ्रेंच सैन्यात अधिकारी होता म्हणून. आणि १८१५ मध्ये केम्पेनिख शाखेच्या ह्यूगो फिलिपनं र्‍यूबेनाखांचा हिस्सा विकत घेतला, तेव्हा कुठे सगळा किल्ला एका मालकाकडे आला.

तयारीचं सांगायचं तर जर्मनबरोबर लॅटिनचा वर्ग पहिल्याच सत्रात लावा. जुने दस्तऐवज त्याशिवाय उघडत नाहीत, आणि अनुवादावर भिस्त ठेवलेला पेपर प्राध्यापक लगेच ओळखतात. किल्ला हिवाळ्यात बंद असतो, म्हणून उन्हाळी सत्र गाठा. मोझेलकेर्न स्टेशनवरून ओढ्याकाठच्या पायवाटेनं चालत जा. आत गाइडबरोबरच फिरता येतं, फोटो काढता येत नाहीत, तेव्हा वही-पेन्सिल हाताशी असू द्या.