छापील फॅन्टसी जग निवडताना या चुका टाळा

डंजन्स अँड ड्रॅगन्ससारख्या (डी अँड डी) टेबलावर बसून खेळायच्या भूमिका-खेळात नवं कॅम्पेन, म्हणजे अनेक सेशन (बैठकी) चालणारी मोहीम, ठरलं की डीएम (खेळ चालवणारा डंजन मास्टर) आधी पुस्तकं चाळतो आणि सगळ्यात देखणा नकाशा असलेलं जग उचलतो. खेळाडूंना मात्र पहिल्या चार-पाच सेशनमध्ये त्यातलं एक गाव, एखादा रस्ता आणि मोजकी माणसं दिसतात. म्हणून आधी टेबलावर विचारा: आपल्याला दर आठवड्याला काय करायला आवडेल? कट-कारस्थानं, गुन्ह्यांचा तपास, ओसाड प्रदेशात तग धरणं, की जिवाचा थरकाप? उत्तर हेरगिरी आणि तपास असेल, तर एबेरॉन या डी अँड डीच्या छापील जगातलं शार्न शहर तयारच आहे. उत्तर 'अजून माहीत नाही' असेल, तर डी अँड डीच्या 2014 च्या स्टार्टर सेटमधलं (नवशिक्यांच्या संचातलं) फँडॅलिन गाव घ्या. फरगॉटन रेल्म्स या डी अँड डीच्या जगातली ही छोटी वस्ती पात्रांच्या पहिल्या ते पाचव्या लेव्हलपर्यंत (ताकदीच्या पायरीपर्यंत) पुरते आणि त्यासाठी बाकीच्या खंडाबद्दल वाचावं लागत नाही.

साल न ठरवणं

सर्वांत जास्त भांडणं इथे होतात. 'आपण फरगॉटन रेल्म्स खेळतोय' एवढ्यावर काहीच ठरत नाही, कारण हे जग नियमांच्या दर एडिशनला (आवृत्तीला) पुढे सरकलं आहे. 1987 चा पहिला बॉक्स तिथल्या कालगणनेनुसार 1357 सालातला. 2001 चं थर्ड एडिशनचं पुस्तक 1372 मधलं. 2008 मध्ये कथा थेट 1479 वर गेली. मधल्या काळात 1385 मध्ये जादूची देवी मिस्ट्रा मारली गेली, स्पेलप्लेग पसरला, देशच्या देश बदलले. 1451 मध्ये ज्वालामुखीच्या उद्रेकाने नेव्हरविंटर उद्ध्वस्त झालं, पुढे पुन्हा उभं राहिलं.

आता डीएमकडे 2001 चा नकाशा आहे, साहसकथा फिफ्थ एडिशनची आहे आणि एका खेळाडूने विकीवरून ड्रॅगनबॉर्न (ड्रॅगनसारख्या दिसणाऱ्या) लोकांचं तायमँथर हे राज्य आपलं मूळ गाव म्हणून निवडलं आहे. 1372 मध्ये हे राज्य अस्तित्वातच नाही. दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात, म्हणूनच वाद मिटत नाही.

उपाय सोपा आहे, पण पहिल्या सेशनच्या आधी करायला हवा. कॅम्पेनच्या पानावर सगळ्यात वर साल लिहा. त्याखाली ग्राह्य धरलेली पुस्तकं लिहा, शक्यतो दोनच. त्या सालानंतर छापील इतिहासात जे काही घडतं, ते आपल्या टेबलावर अजून घडलेलं नाही आणि कदाचित घडणारही नाही, हे सगळ्यांसमोर स्पष्ट सांगा. विकी वापरायला हरकत नाही, पण तिथे सगळी युगं एकाच लेखात नांदतात, म्हणून प्रत्येक परिच्छेदाचं साल तपासा.

हा त्रास टाळायचा असेल तर एबेरॉन सोयीचं. 2004 पासून त्याची अधिकृत पुस्तकं 998 याच सालावर थांबलेली आहेत. पाथफाइंडर या दुसऱ्या भूमिका-खेळाचं गोलॅरियन हे जग मात्र आपल्या कॅलेंडरबरोबर चालतं: प्रकाशनाच्या वर्षात 2700 मिळवा, की तिथलं साल मिळतं. 2019 चं पुस्तक म्हणजे 4719.

नियम आणि जग यांची फारकत

डार्क सन हे याचं ठळक उदाहरण. ॲथस नावाच्या या वाळवंटी जगात देव नाहीत, धातू दुर्मिळ आहे आणि जादू जमिनीतला जीव शोषून घेते. मूळ पुस्तकं 1991 ची, सेकंड एडिशनची. 2010 ची आवृत्ती फोर्थ एडिशनची. त्यावर 2014 चे फिफ्थ एडिशनचे नियम तसेच चढवले, तर दुसऱ्याच सेशनला तहान-भूक संपते. पहिल्या लेव्हलचा 'गुडबेरी' मंत्र दहा फळं देतो आणि एक फळ एका माणसाला दिवसभर पुरतं. पाणी निर्माण करणारा मंत्रही पहिल्याच लेव्हलचा, दहा गॅलन म्हणजे सुमारे 38 लिटर पाणी देणारा. त्यात कुणी पात्रासाठी 'आउटलँडर' (रानावनात वाढलेला) पार्श्वभूमी घेतली, तर तो स्वतःसह सहा जणांचं अन्नपाणी शोधून आणतो. हे दोन मंत्र आणि ही सोय, तिन्हींबद्दलचा निर्णय कॅरेक्टर बनवण्याआधी सांगा. कॅरेक्टर तयार झाल्यावर काढून घेतलेली गोष्ट खेळाडूला शिक्षेसारखी वाटते, आणि तसं वाटणं रास्तच आहे.

एबेरॉनमध्ये उलटी चूक होते. तिथे जादूचे दिवे आणि जादूवर चालणारी रेल्वे आहे, म्हणून डीएम कोपऱ्याकोपऱ्यावर महाबली जादूगार उभे करतो. खरं तर तिथे जादू सर्वत्र आहे, पण बहुतांश खालच्या लेव्हलची. खूप ताकदवान माणसं मोजकीच. हे बिघडलं की खेळाडूंची गरजच उरत नाही.

रेव्हनलॉफ्ट या भयकथांच्या जगाबद्दल थोडक्यात: तिथल्या बॅरोव्हिया प्रदेशात शिरलेली पात्रं मनात येईल तेव्हा बाहेर पडू शकत नाहीत. वॉटरडीप या फरगॉटन रेल्म्समधल्या शहरातलं घराणं, शत्रू, कर्ज असं पान-पान लिहून आणलेलं सगळं वाया जातं. शिवाय बॅरोव्हियाचा व्हँपायर शासक स्ट्राड याच्यावरची 2016 ची मोहीम साधारण दहाव्या लेव्हलला संपते. भीतीच्या मर्यादा सेशन झिरोमध्ये (खेळ सुरू होण्याआधीच्या बैठकीत) विचारा. कुणाला नको असलेला विषय निमूट वगळा.

सगळं वाचून मगच सुरुवात

वाचन कधीच संपत नाही. सुरुवातीच्या गावापासून तीन दिवसांच्या वाटेपुरतंच वाचा. 2014 च्या नियमांत सामान्य वेगाने दिवसाला 24 मैल होतात, म्हणजे 72 मैल, सुमारे 115 किलोमीटर. त्या वर्तुळातलं एक गाव, तीन गट, पाच माणसं आणि दोन धोके पुरेत. खेळाडूंना एका पानापेक्षा जास्त देऊ नका आणि नावं देवनागरीत लिहून द्या. फेरून, खोरव्हेर, ॲब्सलॉम ही नावं प्रत्येकाने वेगळी उच्चारली, की नोंदींमध्ये एकाच जागेच्या तीन जागा होतात.

भारतीय धाटणीचं काही हवं असेल, तर पूर्ण नवं जग रचायच्या आधी गोलॅरियनमधलं जालमेरे बेट पाहा. तिथे वुद्रा या भारतीय उपखंडावर बेतलेल्या देशातून आलेले लोक राहतात. 2022 च्या रेडियंट सिटाडेल संग्रहातलं शंखभूमीही बघण्यासारखं आहे. त्यावर बंगालची छाप आहे.

कॅम्पेन सुरू झाल्यावर चूक कळली तर

खेळाडू दर वेळी 'मग महाजादूगार एल्मिन्स्टरच का नाही हे करत?' असं विचारत असतील, तर जग बदलू नका. मोहीम बड्या शहरांपासून दूर हलवा आणि निरोप पोहोचायला आठवडे लागू द्या. एखादा खेळाडू डीएमपेक्षा जास्त इतिहास जाणत असेल, तर एका देवळाची किंवा एका घराण्याची माहिती त्याच्याकडे सोपवा, पण टेबलावर डीएमने सांगितलेलं अंतिम राहील हे आधी ठरवून घ्या. आणि जगाचा सूरच जुळत नसेल, तर चालू प्रकरण संपवून मग बदला. गाव, शत्रू आणि ओळखीची माणसं तशीच उचलून दुसऱ्या जगात ठेवता येतात. बदलावे लागतात ते देव, राज्यांची नावं आणि साल. तेवढी यादी करून सगळ्यांना पुढच्या सेशनच्या निदान एक आठवडा आधी पाठवा, म्हणजे क्लेरिक (देवाचा पुजारी) खेळणाऱ्याला नवा देव निवडायला वेळ मिळेल.