वर्गणीच्या वहीत दोन हात: एकत्र संपादनातल्या या चुका टाळा

बेळगावात टिळकवाडीतल्या आमच्या मंडळाला मी वर्गणीचं छोटं ॲप करून दिलं होतं. जमा १२,००० दिसत होती. एकानं शहापुरात ५०० घेतले, त्याच वेळी दुसऱ्यानं खडेबाजारात ३००. एका मोबाइलनं १२,५०० पाठवले, दुसऱ्यानं १२,३००. मागून पोचलेला आकडा राहिला आणि हिशेबातून ५०० रुपये गेले. पावतीपुस्तकं घेऊन रात्री उशिरापर्यंत ताळा जुळवत बसलो.

चूक माझी होती. बेरीज पाठवायचीच नसते, ‘जमा ५००’ ही नोंद पाठवायची. बेरीज नोंदींवरून काढायची. नोंदीला मोबाइलवरच वेगळा आयडी द्या. चोर्ला घाटात रेंज गेली की ॲप तीच नोंद पुन्हा पाठवतं आणि आयडी नसेल तर ती दोनदा मोजली जाते.

देणगीदाराचं अख्खं कार्डही पाठवू नका. एकानं फोन नंबर बदलला, दुसऱ्यानं पत्ता, तर दोन्ही टिकायला हवेत. बदललेला रकाना तेवढाच पाठवा. अनेकांनी एकत्र डिझाइन करायचं फिग्मा हे ॲपसुद्धा असंच करतं.

दोघांनी एकच रकाना बदलला तर ‘शेवटचा कोण’ हे मोबाइलच्या घड्याळावरून ठरवू नका. दहा मिनिटं पुढं असलेला मोबाइल दर वेळी जिंकतो. सर्व्हरवर पोचल्याचा क्रम धरा, किंवा संगणकशास्त्रज्ञ लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९७८ मध्ये मांडलेला तार्किक काउंटर, म्हणजे वेळेऐवजी बदलांचा क्रम मोजणारा आकडा, वापरा.

मजकुरासाठी वायजेएस किंवा ऑटोमर्ज यांसारखी दोघांचे बदल आपोआप जुळवणारी तयार लायब्ररी घ्या, पण देवनागरीत तेवढ्यानं भागत नाही. संगणकाला ‘पत्र’ म्हणजे प, त, हलन्त, र. एकानं ‘पत’ केलं, म्हणजे हलन्त आणि र पुसले. दुसऱ्यानं त्याच वेळी र पुढं वेलांटी देऊन ‘पत्री’ केलं. दोन्ही जुळवल्यावर उरतं ‘पती’, जे कुणीच लिहिलं नव्हतं! आपल्याकडं याद्या मराठी आणि कन्नड दोन्हींत असतात, आणि कन्नड जोडाक्षरांतही हेच होतं. म्हणून फरक अख्ख्या अक्षरागणिक काढा. मग ‘पतत्री’सारखं काहीतरी होईल. चुकीचंच, पण निदान डोळ्यांना खटकेल. देवनागरी जोडाक्षर अखंड धरण्याचा नियम युनिकोड या संगणकीय अक्षरांच्या मानकाच्या १५.१ आवृत्तीत, २०२३ साली आला. त्याआधीची लायब्ररी ते हलन्तापाशी तोडते.

‘अनडू’नं फक्त आपलाच बदल मागं जावा.

गावभर वाटण्याआधी दोन मोबाइल एअरप्लेन मोडवर टाका, दोन्हींत एकच नोंद बदला, मग आधी एक आणि नंतर दुसरा नेटवर आणा. पुन्हा तेच उलट क्रमानं करा. दोन्ही पडद्यांवर अक्षरन् अक्षर सारखं दिसेपर्यंत ॲप कुणाच्या हातात देऊ नका.