शेणकिड्याच्या अंगावर गाठ दिसली? या चुका टाळा

नागपुरात जूनमध्ये पहिला दमदार पाऊस झाला की गोरेवाड्याच्या बाजूला, जिथे गुरं चरतात तिथे शेणकिडे निघतात आणि रात्री लाइटखाली तर धपाधप येऊन पडतात. मग लोकांचे फोटो सुरू, याला गाठी काहून आल्या, रोग झाला का? बहुतेक वेळा रोगबिग काही नसतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे पोटाखालचे तपकिरी दाणे गोचीड समजून सुईने खरवडणं. मीपण केलंय हे, पायाच्या सांध्याजवळची पातळ त्वचा फाटली आणि सकाळपर्यंत किडा मेला, अजून वाईट वाटतं. ते दाणे म्हणजे माइट्स, गोचिडाच्याच नात्यातले बारीक जीव, बरेचदा मॅक्रोकिलिस वंशातले. ते या किड्याला खात नाहीत, एका शेणातून दुसऱ्या ताज्या शेणात जायला नुसती सवारी करतात आणि तिथे उतरून माशांची अंडी अन् बारीक अळ्या खातात, आणि माशांच्या अळ्या त्याच शेणावर वाढत असल्यामुळे शेणकिड्याचा उलट फायदाच होतो. ओल्या ब्रशच्या टोकाने हलकेच शिवून बघा. माइट असेल तर पळून पायाच्या बुडाशी दडतो, चिखल असेल तर विरघळतो. बिलकुल हलत नाही पण भिंगातून केसासारख्या देठावर चिकटलेला चपटा ठिपका दिसतोय? तोही माइटच, युरोपोडा गटातला, स्वतःच्या अंगातून निघालेल्या चिकट रसाच्या देठाने तो प्रवासापुरता चिकटलेला असतो. ओढू नका.

दुसरं, शिंगं. ऑन्थोफॅगस या शेणकिड्यांच्या वंशातल्या बऱ्याच जातींत मोठ्या नराला शिंगं असतात आणि त्याच जातीच्या लहान नराला नुसता उंचवटा, कारण अळी असताना किती खायला मिळालं त्यावर ते ठरतं. म्हणून या उंचवट्याला गाठ म्हणू नका आणि दोन नर वेगळे दिसले म्हणून दोन जातीही समजू नका. शिंग कवचाइतकंच कडक असतं, त्याच्यासारखंच चमकतं.

पुढच्या पायाला पंजा नाही म्हणून तुटला समजतात, पण स्कॅराबियस वंशातल्या शेणकिड्याला तो मुळातच नसतो. जिम्नोप्लुरस या दुसऱ्या वंशातल्या किड्याच्या पंखकवचाला खांद्यामागे चावल्यासारखी खाच असते, ती त्याची ओळख आहे. लालसर, मऊसर किडा असेल तर तो नुकताच कोशातून निघालाय, त्याला दाबून बघू नका. पुढच्या पायाचे दाते झिजलेत? माती खोदून खोदून झिजतात, म्हणजे किडा जुना आहे.

खरंच काळजीचं म्हणजे सांध्यांमधून निघालेली बुरशी, पांढरी असेल तर ब्यूव्हेरिया असू शकते, हिरवट भुकटी असेल तर मेटारायझियम, पण ही वाढ बहुतेक मेलेल्या किड्यावरच दिसते, त्याला जिवंत किड्यांच्या डब्यात ठेवू नका.

आणि फोटो फक्त पाठीचा काढू नका ना, अर्ध्या गोष्टी पोटाखाली असतात. काचेच्या वाटीत ठेवा, खालून एक, बाजूने एक, टॉर्च तिरपा धरून, आणि मग जिथल्या शेणात सापडला तिथेच नेऊन सोडा.