घास अडकतोय? अन्ननलिकेच्या लिम्फोमात या चुका टाळा

आधी भाकरी सुटते, मग भात मऊ लागतो, शेवटी माणूस दोन्ही वेळा पेजेवर येतो. कोकणात पेज रोजचीच, त्यामुळे घरच्यांच्या लक्षात यायला उशीर होतो. 'माशाचा काटा लागला असेल' म्हणत अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या चालू राहतात. घास अडकणं दोन आठवड्यांत थांबलं नाही, तर दुर्बिणीची तपासणी करून घ्याच.

अशा त्रासात निघालाच कॅन्सर तर तो बहुधा नेहमीचा, अन्ननलिकेच्या अस्तराचा असतो. लिम्फोमा, म्हणजे लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींचा कॅन्सर, फार क्वचित. पचनमार्गाच्या सगळ्या लिम्फोमांत अन्ननलिकेतले १ टक्क्याहूनही कमी. म्हणूनच तो निसटतो. हा आजार अस्तराच्या खाली वाढतो. तपासणीसाठी वरवर चिमटून काढलेल्या तुकड्यात (बायोप्सीत) नुसती सूज दिसते, रिपोर्टमध्ये कॅन्सर नसतो आणि घरचे निर्धास्त होतात. माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. दुर्बिणीत फुगवटा किंवा अरुंद जागा दिसली असेल, तर त्याच जागेचा खोल तुकडा किंवा एंडोस्कोपिक सोनोग्राफीतून (दुर्बिणीच्या टोकावरच्या सोनोग्राफीतून) नमुना घेता येईल का, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा. प्रकार ठरवायला इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री, म्हणजे पेशींवरच्या खुणा रंगवून ओळखायची तपासणी, लागते, म्हणजे नमुना पुरेसा हवा.

निदानाआधी स्टेरॉइड नको. गाठ तात्पुरती आकसते आणि तुकड्यात काही ओळखू येत नाही. छातीतल्या गाठी पाहून पुराव्याशिवाय टीबीची औषधं सुरू करण्यातही मोलाचे महिने जातात.

ऑपरेशनचीही घाई नको. यात बहुतेकदा डिफ्यूज लार्ज बी-सेल हा लिम्फोमाचा प्रकार निघतो आणि त्याचा मुख्य उपचार आर-चॉप केमो (रिटुक्सिमॅब आणि इतर औषधं एकत्र), दर २१ दिवसांनी. काहींना पुढे रेडिएशन. केमोआधी पेट-सीटी (आजार कुठे पसरलाय ते दाखवणारा स्कॅन), टूडी एको (हृदयाची सोनोग्राफी), एचआयव्ही आणि हिपॅटायटिस बी तपासून घ्या. शरीरात दबून असलेला हिपॅटायटिस बी रिटुक्सिमॅबमुळे उसळतो आणि यकृत निकामी करू शकतो.

सावंतवाडी-रत्नागिरीहून परळच्या टाटाला निघताना नुसता रिपोर्ट नेऊ नका. लॅबमधून पॅराफिन ब्लॉक (मेणात जपलेला तुकडा), स्लाइड आणि स्कॅनची सीडी मागून घ्या, नाहीतर पुन्हा तुकडा काढायची वेळ येते.

केमो घेऊन गावी परतल्यावर १००.४ फॅरनहाइट ताप आला, तर सकाळच्या गाडीची वाट बघू नका. दुसऱ्या आठवड्याच्या आसपास पांढऱ्या पेशी फार खाली जातात. त्याच रात्री जवळचं मोठं रुग्णालय गाठा, केमोची फाइल दाखवा. पाणी पिताच ठसका लागू लागला किंवा छातीत एकदम कळ आली, तरीही तसंच करा. गाठ विरघळताना अन्ननलिकेला भोक पडू शकतं.