शिमग्याआधी झऱ्यावर जायचंय, त्याची तयारी

यंदा वाडीच्या पाण्याचं काम तुम्हा पोरांकडे आलंय म्हणून लिहून ठेवतोय. इतकी वर्षं मी तोंडीच सांगायचो आणि दर वर्षी काहीतरी घरी राहायचं, एकदा तर अख्खी वाडी वर पोचली आणि पाइप पान्हा खाली ओटीवर. आपली वाडी संगमेश्वर तालुक्यातली, वर सडा, म्हणजे डोंगरमाथ्यावरचं सपाट कातळ, सड्याच्या कुशीत झरा आणि तिथून काळा पाइप खाली टाकीपर्यंत, मोटर नाही की लाइटबिल नाही. सगळे त्याला सायफन म्हणतात, खरं बघितलं तर सायफन नाहीच तो, उतारावरून आपसूक येणारं पाणी आहे, पण दुसरं काही म्हटलं तर कोणाला कळत नाही, तेव्हा सायफनच म्हणा.

पहिलं काम दोन माणसांचं. शिमग्याच्या पंधरा दिवस आधी वर जायचं, सोबत 20 लिटरची बादली, मोबाइल आणि ती निळी वही. झऱ्याच्या तोंडाशी बांधलेल्या चेंबरजवळ पाइप सोडवायचा आणि बादली किती सेकंदांत भरते ते तीनदा बघायचं, तिन्ही आकडे तारखेसकट लिहायचे, घरी येऊन लिहीन म्हणालात तर लिहिलंच जात नाही. मग हेच दर महिन्याला, आणि मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात तर चुकवायचंच नाही कारण खरा आकडा तोच. दिवाळीनंतर आपली बादली 38 सेकंदांत भरते, गेल्या मेमध्ये 130 सेकंद लागले. म्हणजे मिनिटाला सव्वानऊ लिटर, दिवसाला 13 हजारांच्या थोडं वर. जलजीवन मिशनवाले माणशी रोज 55 लिटर धरतात, त्या हिशोबाने 240 माणसांचं पाणी झालं. वाडीत एरवी दीडशे माणूस म्हणजे काही टेन्शन नाही, पण मेमध्ये चाकरमानी आले की अडीचशेच्या वर जातं, त्यात गुरं, एक म्हैस उन्हाळ्यात पन्नास लिटर सहज पिते.

ही वही कशाला ते सांगतो. गणपतीला मुंबईकर येतात तेव्हा झरा नुसता फुफाटत असतो, टाकी भरून वाहते, मग आरती झाल्यावर विषय निघतो की बाथरूमला वेगळं कनेक्शन द्या, नवीन घर बांधलंय तिथे दोन नळ द्या, पाणी तर फुकट वाया चाललंय. आणि तीच माणसं मे महिन्यात कळशी घेऊन विचारतात कमिटी झोपली काय. एक वर्ष आम्ही पण भुललो, ऑक्टोबरचं पाणी बघून सहा कनेक्शनं दिली, आणि मेमध्ये लाइनीच्या टोकाच्या चार घरांना थेंब नाही, त्यातल्या एका घरात म्हातारी एकटी, ती पऱ्यातल्या, म्हणजे ओढ्यातल्या, डबक्यावरून पाणी आणत होती आणि आम्हाला आठ दिवसांनी कळलं. तेव्हापासून नवीन कनेक्शन मे महिन्याच्या आकड्यावर, गणपतीच्या नाही. कोणी आवाज चढवला तर तुम्ही चढवू नका, वहीचं पान उघडून समोर धरा.

आता सामान, हे आदल्या रात्री एका गोणीत भरून ठेवायचं. कोयत्या, दोन घमेली, फावडं, तारेचा ब्रश, साधी करवत (हॅक्सॉचं पान गंजलेलं असतं, नवीन दोन घ्या), पाइप पान्हे दोन कारण एकाने धरायचं आणि दुसऱ्याने फिरवायचं, आपल्या साइजची कपलिंगं चार-पाच, एक एन्ड कॅप, टेफ्लॉन टेप, क्लॅम्प, आणि सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या. पट्ट्यांवर हसू नका, लाइनवर अजून तीन ठिकाणी ट्यूबच पाणी धरून आहे. पाइपाच्या तोंडाला मच्छरदाणीचा तुकडा नको, स्टीलची जाळी घ्या. पहार न्यायची नाही. का ते पुढे येतंच.

झऱ्याकडे वळायच्या आधी सड्यावर एक फेरी मारा, ही फेरी सगळे टाळतात कारण ऊन असतं आणि वर बघण्यासारखं काही नाही असं वाटतं. पण झऱ्याचं पाणी तिथूनच येतं. आपल्याकडे वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस, जांभा दगड भोकाभोकांचा, त्यात पाणी मुरतं आणि खाली जातं तोवर शेडी लागते, ती चिकट पांढरट गुलाबी माती, तिच्यातून पाणी उतरत नाही, मग ते आडवं सरकतं आणि डोंगराच्या कुशीत जांभा आणि शेडीचा सांधा उघडा पडतो तिथे बाहेर येतं. म्हणून वर नवीन चिरेखाण सुरू होतेय का, कोणी जेसीबी घालून रस्ता ओढलाय का, कलमांना कसली फवारणी चाललीय, झऱ्याच्या वरच्या अंगाला कोणी संडासाचा खड्डा मारलाय का, हे डोळ्यांनी बघायचं. जांभ्यातून पाणी गाळून येतं ही समजूत डोक्यातून काढा, भोकांतून ते सरळ येतं, वर टाकलेलं दोन दिवसांत खाली नळाला. काही दिसलं तर जागेवर भांडू नका, फोटो काढा आणि आधी गावकीत, मग ग्रामपंचायतीत.

मग झरा. नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायचं ते जाणती माणसं घालतील, त्यांना वेळ द्या, घाई करू नका. नंतर चेंबरचं झाकण काढायचं, आत आधी टॉर्च मारायचा आणि मगच हात घालायचा, साप असतो. पातेरा (वाळका पाला), गाळ, मुळं काढायची, भिंती ब्रशने घासायच्या, साबण-बिबण काही नाही. पाइपाच्या तोंडाच्या जाळीत कुर्ल्या (खेकडे) अडकतात, बारकी कुर्ली तर आत शिरून पहिल्या बेंडला जाऊन बसते आणि खाली लोक म्हणतात झरा आटला. एकदा आम्ही दोन दिवस लाइन तपासत होतो, निघाली कुर्ली.

आणि मूळ तोंडाला कोणी हात लावायचा नाही. तोंड मोठं केलं की पाणी वाढतं असं कोणीतरी दर वर्षी म्हणतो, पूर्वी मीच म्हणायचो. पहारीने जरा उकरलं, शेडी फुटली, आणि पाणी चेंबर सोडून दहा-पंधरा फूट खालून बाहेर पडायला लागलं. नवीन चेंबर बांधायला घरटी वर्गणी काढावी लागली आणि एक अख्खा उन्हाळा विहिरीवर काढला. वरची झाडं पण तोडायची नाहीत, आजूबाजूची झुडपं साफ करायची ती फक्त पायवाटेपुरती.

लाइन खाली येताना बघायची, वर जाताना नाही, वर जाताना सगळे गप्पा मारतात. भाजावळीचा सीझन असतो, पेरणीआधी रोपांच्या तुकड्यांवर, म्हणजे दळ्यांवर, पातेरा जाळतात, ती आग सुटली की पाइप मेणासारखा वितळतो, म्हणून लाइनीच्या दोन्ही अंगांना चार-चार हात गवत आणि पातेरा काढून पट्टा मोकळा करायचा आणि ज्यांची दळी जवळ आहेत त्यांना आधीच सांगून ठेवायचं की लावाल त्या दिवशी निरोप द्या. माकडं दात लावतात, डुक्कर उकरतं, त्याला उपाय एकच, दगड-माती घालून पाइप पुरा. जिथे लाइन चढ घेऊन परत उतरते तिथे हवा धरते, वर पाणी आहे आणि खाली नुसता फुस्स आवाज, तिथल्या टीचं (तीन तोंडांच्या जोडाचं) टोपण सैल करून हवा जाऊ द्यायची, पाण्याची धार सुरू झाली की आवळायचं. सगळ्यात खालच्या खोलगटीत गाळ बसतो, तिथला व्हॉल्व्ह पूर्ण सोडून पाणी निवळ येईपर्यंत वाहू द्या.

टाकीला बॉलकॉक, म्हणजे टाकी भरली की आपोआप बंद होणारा नळ, बसवूया असं एकजण मागच्या मीटिंगला म्हणाला, बसवू नका. दर 10 मीटर उतारामागे एक किलो प्रेशर, आपला उतार 70 मीटरचा, म्हणजे 7 किलो, आणि पाइप 6 किलो प्रेशर सोसणारा. खाली तोंड बंद झालं की सगळं प्रेशर लाइनवर आणि मध्यरात्री कुठेतरी फाटणार. टाकी भरली तर पाणी गुरांच्या डोणीत जातंय ते जाऊ दे.

टाकी धुवायची तर लोकांना आदल्या दिवशी सांगा, पाणी भरून ठेवतील. टीसीएल (ब्लीचिंग पावडर) हजार लिटरला 5 ग्रॅम, म्हणजे आपल्या 10 हजारांच्या टाकीला 50 ग्रॅम, बादलीत कालवून, गाळ बसू देऊन फक्त वरची निवळी ओतायची आणि अर्धा तास नळ सोडायचा नाही. उघड्या पिशवीतली गेल्या वर्षीची पावडर मेलेली असते, ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडून ताजी घ्या आणि तो पाण्यात क्लोरीन उरलंय का ते बघायची ओटी टेस्ट करतो तेव्हा शेजारी उभे राहा, पिवळा रंग आला का ते बघा. पावसाच्या सुरुवातीला पाणी गढूळ होतं तेव्हा तपासणीची बाटली पण मागून घ्या, त्यात भरलेलं पाणी एक-दोन दिवसांत काळं पडलं तर उकळून प्या असं घरोघर सांगायचं, नुसतं ग्रुपवर टाकून नाही.

वर्गणीचं काय ते गावकीत ठरेल, माझं एवढंच म्हणणं की बंद घरांची पण घ्या, मे महिन्यात कुलूप उघडलं की नळ त्यांचा पण चालू होतो. मीटिंग संध्याकाळी सातला लावू नका, त्या वेळी बायका चुलीपाशी असतात, आणि कोणत्या नळाला किती वेळ लागतो हे आपल्यापेक्षा त्यांना जास्त माहितीय. जलजीवनच्या नियमात पाणी समितीत निम्म्या बायका हव्यात, आपल्याकडे सहीपुरत्या आहेत. एप्रिल-मेमध्ये पाणी सोडायची पाळी त्यांनाच लावू द्या, टोकाच्या घरांना पहाटे आधी सोडायचं आणि मग वर वर यायचं, रात्रीच्या 12 तासांत साडेसहा हजार लिटर साठतं त्यात हे बसतं.

चेंबरच्या कुलपाच्या चाव्या दोन आहेत, एक माझ्याकडे आहे ती शनिवारी घेऊन जा, दुसरी मुंबईला गेलीय, कोणाच्या खिशात ते शिमग्याला कळेल. चहा-साखर आणि मोठं पातेलं देवळातून घ्या, दूध वर नेऊ नका, नासतं, कोराच करा.