फ्रीमँटलला जहाजबुडीचं संग्रहालय पाहताना: आधी फलक, मग वस्तू

पर्थजवळच्या फ्रीमँटलचं संग्रहालय पाहून घरी आलं, की फोटोतलं कुठलं नाणं कुठल्या जहाजाचं हेच उमगत नाही. बाताविया (१६२९), झाउटडॉर्प (१७१२), झेवाइक (१७२७) ही सगळी डच ईस्ट इंडिया कंपनीचीच!

प्रत्येक जहाजापाशी पहिला फोटो त्याच्या माहितीफलकाचा काढा, मग वस्तूंचे. पुढचा फलक येईपर्यंतचं सगळं त्याच जहाजाचं. फ्लॅश बंद ठेवा आणि मोबाइल काचेच्या अगदी जवळ धरा, म्हणजे चमक येत नाही. बातावियाचा समुद्रतळातून काढलेला लाकडी सांगाडा मात्र आधी डोळे भरून पाहा. तिथे घाई करू नकाच.

मॅपवर पत्ता क्लिफ स्ट्रीटचा टाका. व्हिक्टोरिया धक्क्यावरचं सागरी संग्रहालय वेगळं आहे.