बिबट्यापासून शेळ्या वाचवायच्या असतील तर गोठा कसा असावा

जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या भागात उसाच्या कडेला राहणाऱ्या माणसाच्या दावणीची शेळी बिबट्याने नेली की पहिला विचार बंदुकीचा येतो, आणि त्यामागचा संताप मला समजतो. परंतु १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात बिबट्या पहिल्या अनुसूचीत आहे. जनावरांच्या रक्षणासाठीही त्याला मारता येत नाही आणि शेती संरक्षणासाठी मिळालेल्या बंदुकीच्या परवान्यानेही तो अधिकार मिळत नाही. शिवाय जखमी होऊन उसात शिरलेला बिबट्या साऱ्या वस्तीच्याच जिवावर उठू शकतो. म्हणून बंदुकीवर घालण्याचा पैसा गोठ्यावर घालावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

सर्वांत आधी छताकडे पाहावे. पुष्कळ जण सहा-सात फुटांची भिंत बांधून निश्चिंत होतात. पण तेवढी उडी बिबट्याला सहज जमते, आणि एकदा आत उतरलेला बिबट्या एका शेळीवर थांबेलच असे नाही, कारण कोंडलेली, बिथरलेली जनावरे समोर धावत असताना तो एकामागून एक मारत सुटतो. एका वस्तीवर मी पाहिलेल्या गोठ्याला चारही बाजूंनी पक्की जाळी होती आणि वर मात्र उसाचे पाचट. बिबट्या शेजारच्या बाभळीवरून छपरावर आला आणि पाचट उसकटून आत उतरला. तेव्हापासून मी प्रत्येकाला हेच सांगतो की पत्रा असो वा जाळी, वरची बाजू नटबोल्टने आवळून पूर्ण बंद करावी आणि गोठ्यावर झुकलेल्या फांद्या छाटाव्यात.

जाळी घेताना दोन गोष्टी तपासाव्यात: तारेची जाडी आणि भोकाचा आकार. गेजचा आकडा जितका लहान तितकी तार जाड असते, त्यामुळे दुकानदाराने स्वस्त म्हणून १४ गेज पुढे केली तरी १० गेजचाच आग्रह धरावा. भोक दोन इंचांपेक्षा मोठे नसावे, कारण बाहेरून पंजा घालून जाळीला टेकून बसलेल्या करडाचा पाय ओढला जातो. याच कारणासाठी जाळीच्या आतून खालचा तीन फुटांचा भाग विटांचा किंवा पत्र्याचा करावा. जाळीचा तळ सिमेंटमध्ये फूटभर पुरावा, म्हणजे खालून उकरता येत नाही.

दार ही नेहमीची कच्ची जागा. ते लोखंडी असावे, बाहेर उघडणारे असावे, आणि त्याखाली चार बोटांहून अधिक फट राहू देऊ नये. एका कडीऐवजी वर आणि खाली अशा दोन कड्या लावाव्यात. एकाच कडीचे दार खालून ढकलले की वाकते आणि फट पडते. दिवस मावळण्यापूर्वी शेळ्या आत घेऊन मोजाव्यात, कारण उत्तम गोठा बांधूनही दार लावायला उशीर झाल्याने शेळी गेल्याची उदाहरणे मला अधिक ठाऊक आहेत.

गोठा शक्यतो घराला लागून आणि उसापासून दूर बांधावा. जागाच नसेल तर मधले गवत आणि झुडपे काढून पट्टा मोकळा ठेवावा. दिव्याचा उपयोग आहे, पण केवळ दिव्यावर विसंबू नये. कुत्रेही बिबट्याचे भक्ष्यच असल्याने त्यांना रात्री उघड्यावर बांधू नये.

एवढे करूनही जनावर मारले गेलेच तर १९२६ या क्रमांकावर किंवा जवळच्या वनरक्षकाला लगेच कळवावे. मेलेले जनावर हलवू नये, पुरू नये. गळ्यावरच्या सुळ्यांच्या खुणा आणि आसपासचे ठसे पंचनाम्यात यावे लागतात, आणि पंचनामा होईपर्यंत त्या ठशांवर घमेली उपडी घालून ठेवावीत.